एकेचाळीस पत्रं आणि हंड्याचं बूड

वेळ: दिवस कासराभर वर आलेला. ठिकाण: डोंगराच्या पायथ्याच्या एका गावाची चावडी. गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा गावांना नावं पडायची होती आणि लोक गाव ओळखायचे ते तिथल्या झाडावरून. या गावात चिंचा होत्या, म्हणून हे चिंचेचं गाव.

त्या वेळी त्या चावडीसमोर एक छपराची गाडी येऊन थांबली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, या गाडीवाल्याचं चाकावर होतं. मागे चूल टांगलेली, पुढे तुळशीचं डबडं बांधलेलं, छपरावर धोतर वाळत घातलेलं. आत भाता, कोळशाचं पोतं, नवसागराची पुडी आणि कथलाच्या पट्ट्या. गाडीला एकच बैल, पण तोही असा चालायचा, जणू पुढचं गाव त्यालाच बघायचं आहे.

गाडीवाला होता कल्हईवाला. पितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा पांढरा लेप द्यायचा, हा त्याचा धंदा. हा लेप नसेल तर आंबट पदार्थ पितळेत कळकतो, हिरवट होतो, आणि खाणाऱ्याला पोट धरून लोळायला लावतो. म्हणजे कल्हईवाला गावाला वैद्याइतकाच गरजेचा. फरक एवढाच, की वैद्य चुकला तर तो गावातच सापडतो.

कल्हईवाल्याला जग बघायचं वेड होतं. वेड वाईट नव्हे. नवा डोंगर दिसला की तो गाडीतून उडी मारायचा, नवी नदी दिसली की अंगरख्यासकट पाण्यात शिरायचा. बायको भाता मारायची, स्वयंपाक करायची आणि त्याचा ओला अंगरखा पिळायची. त्याने स्वतःला दोन नियम घालून घेतले होते. एका गावात आठ दिवसांहून जास्त राहायचं नाही. आणि गेलेल्या वाटेने परत यायचं नाही.

गाडीच्या फळीवर त्याने गेरूने झाडं काढली होती. पाहिलेल्या एका गावाचं एक झाड, अशी चाळीस.

"चाळीस गावं केली," तो भेटेल त्याला सांगायचा. "एका गावातून तक्रार आलेली नाही."

हे अगदी खरं होतं. तक्रार करणाऱ्याला तो पुन्हा सापडलाच नव्हता.

चावडीवर पाटील बसले होते. शेजारी ठमाआजी होती. गावच्या मोठ्या हंड्याची मानकरीण तीच. गावजेवणाला आमटी ढवळायची तिने, पहिलं वाढायचं तिने. वय कुणाला माहीत नव्हतं. तिला वाचता येत होतं, आणि त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे ती वाचायची.

कल्हईवाल्याने गाडीतून पत्रांची जुडी काढली आणि पाटलांपुढे ठेवली.

"चाळीस पाटलांची शिफारस आहे, मालक."

पाटलांनी वरचं पत्र उचललं, हातावर तोललं आणि खाली ठेवलं. पत्र वजनदार होतं. पाटलांचं समाधान झालं.

"परवा आमचं गावजेवण आहे," पाटील म्हणाले. "चिंच उतरवून झाली की आम्ही सगळे एका हंड्यातली आमटी जेवतो. हंडा मोठा आहे. दोन माणसं आत उभी राहतील एवढा. कल्हई जुनी झालीय. जमेल?"

"जमेल म्हणजे काय! बरं मालक, पुढचं गाव कोणतं लागतं?"

पाटलांना जरा नवल वाटलं. माणूस बैल सोडायच्या आधीच पुढचं गाव विचारत होता. पण कल्हईवाल्याची ती रीतच होती. आलेल्या गावाकडे त्याची कायम पाठ असायची.

"पुढे घाट. घाटापलीकडे तळं," पाटील म्हणाले. "तळ्यावर हजारो लाल पायांचे पक्षी उतरतात. पौर्णिमेला दुपारी सगळे एकदम उडतात आणि जातात. मग वर्षभर नाहीत."

"पौर्णिमा म्हणजे परवाचीच?"

"परवाचीच."

कल्हईवाल्याचे डोळे लकाकले. तेवढ्यात ठमाआजी बोलू लागली. "हे बघ बाबा, आमच्या गावची एक रीत आहे, ती आधीच सांगते. हंड्याला नवी कल्हई झाली की आमटीची पहिली पळी..."

"हो हो, आजी," कल्हईवाला म्हणाला. "मालक, ते पक्षी किती वाजता, म्हणजे सूर्य कुठे आला की उडतात?"

"...पहिली पळी तुझी. तू नाही तर तुझ्या घरचं माणूस. त्याशिवाय गाव..."

"हो हो. आणि घाट चढायला किती वेळ लागतो?"

रीत आजीने सांगितली होती. ऐकायचं काम तिचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंडा बाहेर काढला. बारा माणसांनी तो घरंगळत आणला. पोट हत्तीएवढं आणि तोंड मात्र अरुंद, कसंबसं एक माणूस शिरेल एवढं.

अशा हंड्याला कल्हई करायची तर दीड दिवस लागतो. आधी आत उतरायचं. तळाशी वाळू टाकायची, पायाखाली चिंध्या घ्यायच्या, आणि काठ धरून कंबर हलवत, गरागरा फिरत बूड घासायचं. मग हंडा तापवायचा, नवसागर भुरभुरायचा, कथील फिरवायचं, कापसाच्या बोळ्याने पसरायचं. पोट वेगळं, बूड वेगळं. कल्हईवाल्याने आभाळाकडे बघून हिशेब केला. दीड दिवस काम केलं तर पक्षी गेले. अर्ध्या दिवसात उरकलं तर रात्री झोपून पहाटे घाट चढता येईल.

त्याने हंड्याचं तोंड घासलं. गळा घासला. हात पोचला तिथवर, म्हणजे साधारण दीड हात आतपर्यंत, असं चांदीसारखं कथील चढवलं की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. मग भाता थांबवायची खूण केली.

"बूड राहिलं," बायको म्हणाली.

"हळू बोल."

"हळू बोलून बूड होत नाही."

"अगं, बूड कोण बघतंय? आत अंधार आहे. आणि आपण तर उद्या निघालो."

बायकोने भात्यावरचा हात काढला आणि पदराला पुसला. 'आपण तर उद्या निघालो' हे वाक्य ती एकेचाळिसाव्यांदा ऐकत होती. प्रत्येक गावात मोठी भांडी असतात. प्रत्येक मोठ्या भांड्याला बूड असतं. आणि प्रत्येक गावापुढे, बघायलाच हवं असं एक गाव असतं.

संध्याकाळी पाटील हंडा बघायला आले. त्यांनी काठावरून डोकावलं. काठ चकाकत होता. पाटलांना त्यात आपल्या मिशा दिसल्या, चांगल्या दिसल्या.

"वा!" पाटील म्हणाले.

"मालक, मग पत्र?"

पत्र लिहायची पद्धत अशी होती. कल्हईवाला मागचं पत्र पुढे ठेवायचा. पाटील त्याच्यावरून नवं उतरवून काढायचे आणि खाली सही ठोकायचे. चाळीसही गावांत असंच झालं होतं. पाटील सही करण्यासाठी असतो, वाचण्यासाठी नव्हे, असा त्या काळी समज होता. तो काळ गेला म्हणतात. गेला असेल.

पत्र खिशात आलं. झोपताना कल्हईवाल्याला लाल पायांचे पक्षी दिसत होते.

पहाटे तो उठला आणि बैल सोडायला गेला, तर दावणीला बैल नव्हता.

"बैल रानात गेलाय चरायला," पाटलांचा गडी म्हणाला. "गावजेवण आहे ना. पाव्हण्यानं न जेवता जायचं नाही."

"अरे, पण मला घाट चढायचाय!"

"जेवून चढा की. रिकाम्या पोटी घाट कशाला?"

चिंचेखाली चुली पेटल्या. हंडा चढला. डाळ शिजली, गूळ पडला, मसाला पडला आणि शेवटी चिंचेचा कोळ, घमेलीच्या घमेली. वास असा सुटला, की शेजारच्या गावची कुत्री सीमेवर येऊन बसली. पंगती मांडल्या. अडीचशे माणसं पत्रावळी पुढे घेऊन बसली. आणि ठमाआजीने पळी हंड्यात बुडवून, वर काढून, द्रोण भरला. तो कुणाला न देता ती थेट कल्हईवाल्यापुढे येऊन उभी राहिली.

"घे बाबा."

"मला? आधी पाटलांना द्या, आजी. मान त्यांचा."

"परवा सांगितलं नव्हतं? पहिली पळी कल्हई करणाऱ्याची. माझ्या आजेसासूच्या वेळी एक कल्हईवाला आला होता. तो गेल्यावर सगळं गाव तीन दिवस ओकत होतं. तेव्हापासून ही रीत. तू खा, मग गाव खाईल."

कल्हईवाल्याने द्रोणाकडे बघितलं. आमटी सुरेख दिसत होती. पण ती कशाला टेकून शिजली होती ते अडीचशे माणसांत दोघांनाच माहीत होतं. त्यातली एक त्याच्याकडेच बघत होती.

"माझा उपवास आहे," तो म्हणाला.

"कधी सुटतो?"

"सूर्य मावळल्यावर."

"मग गाव सूर्य मावळल्यावर जेवेल," आजी म्हणाली आणि तिने द्रोण परत हंड्यात ओतला. "रीत म्हणजे रीत. बसा रे सगळे."

सगळे बसले. कुणी उठेना, कारण उठलं तर पंगतीतली जागा जाते. आमटी हंड्यात तशीच राहिली. कल्हईवाल्याला आता नवाच घोर लागला. आंबट जितकं जास्त वेळ राहील, तितकं जास्त कळकणार. उपवास जितका लांबेल, तितकी आमटी बिघडणार. तो पुन्हा आजीकडे गेला.

"आजी, उपवासाचं एक वेळ सांभाळून घेता येईल. पण माझी दाढ दुखतेय हो. काहीच चावत नाही."

"आमटी चावतात का रे?" पंगतीतून कुणीतरी ओरडलं.

"दाढ म्हणतोय तर दाढ," आजी म्हणाली. "न्हाव्याला बोलवा."

न्हावी पंगतीतच बसला होता. भुकेलेला होता, त्यामुळे लगबगीने उठला आणि सांडशी घेऊन आला.

"कोणती?" त्याने विचारलं.

"थांबली," कल्हईवाला म्हणाला. "आत्ताच थांबली."

"पुन्हा सुरू व्हायच्या आत काढून टाकू की!"

"नको, नको! खरं सांगू का? मला आंबट चालतच नाही. लहानपणापासून."

"काल झाडावर चढून ओंजळभर चिंचा खाल्ल्यास," पाटलीणबाई म्हणाल्या. "फांदीही मोडलीस आमची."

सूर्य डोक्यावर येत होता. पोरं रडायला लागली. पाटलांच्या पोटातून मोठा आवाज आला, आणि सगळ्यांनी मर्यादेने मान वळवून झाडाकडे बघितलं. वेळ काढायचा म्हणून ठमाआजी म्हणाली, "तुझी ती पत्रं आण रे. वाचून दाखवते सगळ्यांना. पोटात काही नाही, कानात तरी पडू दे."

कल्हईवाल्याला बरं वाटलं. पत्रं ही त्याची जमेची बाजू होती. त्याने जुडी आणून दिली.

आजीने सगळ्यात खालचं, जुनं पत्र काढलं आणि वाचलं: "'हा गृहस्थ कामाला चोख आणि वागायला सज्जन आहे. माझी मुलगी याच्या घरी सुखात आहे. याच्या कामाची मी हमी देतो.' हे कुणाचं?"

"माझ्या वडिलांचं," कल्हईवालीण म्हणाली. "आम्ही निघालो तेव्हा त्यांनी दिलं."

"बरोबर आहे. बापाने लिहावंच." आजीने दुसरं पत्र उचललं. हे आंब्याच्या गावच्या पाटलाचं. "'हा गृहस्थ कामाला चोख आणि वागायला सज्जन आहे. माझी मुलगी याच्या घरी सुखात आहे.'"

आजी थांबली. तिने तिसरं उचललं, जांभळीच्या गावचं. "'माझी मुलगी याच्या घरी सुखात आहे.'" चौथं, वडाच्या गावचं. "'माझी मुलगी याच्या घरी...'"

पंगतीत खसखस पिकली.

"पाव्हणं," मागून एक म्हातारा म्हणाला, "एकेचाळीस सासरे! सणाला धोतरं किती मिळतात?"

"बाकीच्या चाळीस कुठे ठेवल्यास रे? गाडी तर एवढीशी दिसते!"

"म्हणूनच पुढचं गाव, पुढचं गाव करत पळतोय बिचारा!"

कल्हईवाला लाल झाला. त्याला स्वतःला ही पत्रं कधी वाचावीशी वाटली नव्हती. कशाला वाचील? पत्रं दाखवण्यासाठी होती.

आजीने शेवटचं पत्र उघडलं. शाई ताजी होती. ते तिने जरा सावकाश वाचलं. "'...माझी मुलगी याच्या घरी सुखात आहे. याच्या कामाची मी हमी देतो. सही, पाटील, चिंचेचं गाव.'"

पाटलीणबाई उठून उभ्या राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या. "आपल्याला तीन मुलगे."

"हो ना," पाटील म्हणाले.

"मग मुलगी कुठली?"

"अगं, ते तसं लिहायची पद्धत असते..."

"पद्धत? मुलगी कुठली ते सांगा आधी! कुठल्या गावची?"

पाटलांनी कपाळाचा घाम पुसला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या सहीचा अर्थ विचारला जात होता, तोही उपाशीपोटी आणि बायकोकडून.

"पाटील," ठमाआजी म्हणाली, "मुलीचं नंतर बघू. तुम्ही हमी दिलीत ना? हंडा बघितला होता?"

"बघितला की! चकाकत होता."

"आत?"

"आत..." पाटील म्हणाले, "आत अंधार होता."

सगळ्यांच्या माना हळूहळू हंड्याकडे वळल्या आणि मग कल्हईवाल्याकडे. तो गाडीच्या चाकाला टेकून उभा होता. कबूल करावं, तर अडीचशे भुकेले लोक समोर. गाडी फोडतील, भाता जाळतील, बैल ठेवून घेतील, आणि मग कुठलं तळं नि कुठलं पुढचं गाव! गप्प बसावं, तर आमटी गिळावी लागेल. एक द्रोणच तर आहे, त्याला वाटलं. दोन दिवस पोट धरून बसू. पण मग आपल्या पाठोपाठ ही अडीचशे माणसं गिळतील, पोरांसकट.

त्याने तिसरीच वाट धरली. काहीच न करण्याची. लोकांना ही वाट फार आवडते, कारण तिला घाट नसतो.

तेवढ्यात त्याची बायको उठली. पदर खोचला, पंगतीच्या टोकाला जाऊन मांडी घातली आणि म्हणाली, "आजी, यांचा उपवास आहे ना? घरचं माणूस चालतं म्हणालात. मला वाढा."

आजीने तिच्याकडे टक लावून बघितलं. मग द्रोण भरून तिच्या हातात दिला.

कल्हईवाला धावत आला आणि तिच्या कानाशी वाकला. "वेडी झालीस का? बूड राहिलंय!"

"मला माहीत आहे. भाता मीच मारत होते."

"मग खातेस कशाला?"

"चाळीस गावांनी खाल्लं. मी एकदा खाल्लं तर काय झालं? आपण तर उद्या निघालो."

आणि तिने द्रोण ओठाला लावला.

कल्हईवाल्याने हात मारला. द्रोण उडाला, आमटी न्हाव्याच्या डोक्यावर पडली आणि कल्हईवाला गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "कुणी खाऊ नका! बूड केलेलं नाही! फक्त तोंड केलंय! बूड तसंच आहे!"

न्हावी डोकं पुसत म्हणाला, "मी दाढ काढायला हवी होती."

बारा माणसांनी हंडा आडवा केला. आमटी खड्ड्यात गेली. पाटलांनी टेंभा पेटवून आत धरला. दीड हात चांदी, आणि पुढे हिरवं काळं पितळ, शेवाळलेल्या विहिरीसारखं. पाटील बराच वेळ आत बघत राहिले. त्यांची मान बाहेर आली तेव्हा मिशा खाली वळल्या होत्या.

गावाने त्या दिवशी भाकरी आणि चिंचेची चटणी खाल्ली. कल्हईवाल्याला कुणी मारलं नाही. मारायला लागते ती ताकद कुणात नव्हती.

"आता काय करू?" त्याने आजीला विचारलं.

"काय करू म्हणजे? हंड्यात उतर."

तो उतरला. हंड्याच्या तळाशी वाळू टाकून, पायाखाली चिंध्या घेऊन, काठ धरून कंबर हलवत गरागरा फिरू लागला. बाहेरून बघणाऱ्या पोरांना फक्त त्याचं डोकं दिसायचं, इकडे जाताना आणि तिकडे जाताना. पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. दमून तो खाली बसला आणि हातांनी तळ घासू लागला. तेवढ्यात बाहेर एकदम गलका झाला. घाटापलीकडून हजारो पक्षी उठले होते. आभाळ झाकत, लाल पाय मागे सोडून, ते थेट चिंचेच्या गावावरून गेले. पाटलांनी बघितले, पोरांनी बघितले, त्याच्या बायकोने हातातलं काम सोडून पोटभर बघितले. कल्हईवाल्याला हंड्यात पंखांचा आवाज ऐकू आला, पाऊस पडावा तसा. तो धडपडत काठावर येईपर्यंत आभाळ रिकामं झालं होतं.

"कसे होते?" त्याने विचारलं.

"फार सुरेख," बायको म्हणाली. "बूड झालं का?"

दुसऱ्या दिवशी काम संपलं. पुन्हा आमटी झाली. पहिली पळी कल्हईवाल्याने खाल्ली आणि गाव तासभर त्याच्या तोंडाकडे बघत बसलं. मग गाव जेवलं. पाटलांनी आपलं पत्र परत मागून घेतलं आणि पाटलीणबाईंच्या समोर चुलीत घातलं. कल्हईवालिणीने बैल जुंपला, कासरा हातात घेतला आणि गाडी आल्या वाटेने वळवली.

"अगं, इकडचं तर सगळं बघून झालंय!" कल्हईवाला म्हणाला.

"वरवरचं," बायको म्हणाली.

असे ते परत निघाले. गावामागून गाव. ज्या गावातून पत्र घेतलं होतं, त्या गावात पत्र परत द्यायचं आणि भांडं उलटं करायचं. काही ठिकाणी शिव्या मिळाल्या, एका ठिकाणी दगड. उंबराच्या गावात एका सुनेला सासूने चुलीपासून हाकललं होतं, का, तर हिच्या हातची कढी खाल्ली की घरादाराला कळा येतात. कल्हईवाल्याने पातेलं उलटं करून सासूला बूड दाखवलं. सासूने बूड बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि पातेलं घासायला स्वतः बसली. माफी मागितली नाही. सासू होती ती.

आणि एक गंमत झाली. ही गावं त्याला नवी वाटू लागली. आंब्याच्या गावाला दोन नद्या होत्या, त्याने मागच्या वेळी एकच बघितली होती. जांभळीच्या गावात एक विहीर होती, तिच्यात दुपारी इंद्रधनुष्य उतरायचं. मागच्या वेळी दुपारी तो पुढच्या गावाची चौकशी करत होता.

ज्यांना गोष्टीचं सार हातात लागतं, त्यांच्यासाठी ते असं: कामाची शाबासकी निघताना घेऊ नये, त्याच वाटेने परत आल्यावर घ्यावी. आणि शाबासकी देणाऱ्याने आधी दिवा घेऊन आत वाकावं.

आता उरलेली एक बाब. चाळिसांपैकी एकोणचाळीस गावांतली भांडी दुरुस्त झाली. वडाच्या गावात काम झालं नाही. तिथे मोठी धर्मशाळा आहे आणि धर्मशाळेत मोठा हंडा आहे. कल्हईवाला तिथल्या पाटलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "माझं काम खोटं आहे, पुन्हा करून देतो." पाटलाने दप्तर काढलं.

"दप्तरात काम चोख असं लिहिलंय. सही माझी आहे."

"पण मीच सांगतोय ना, ते चोख नाही!"

"तुझी तक्रार कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्धच."

"अशी तक्रार घ्यायची सोय नाही. वाटसरूंकडून एखादी आली तर बघू."

कल्हईवाला तीन दिवस चावडीसमोर बसला. चौथ्या दिवशी त्याची गाडी गावाबाहेर काढून देण्यात आली. त्या हंड्यात आजही रोज दोन्ही वेळा ताकाची कढी होते. वाटसरू येतात, जेवतात आणि सकाळी पुढच्या गावाला निघून जातात. तक्रार अजून एकही आलेली नाही. आत कुणी वाकून बघितलेलं नाही.